तुरुंगातल्या बाईचं दुखणं : डॉक्टर नक्की कोणाच्या हाताखाली हवा?

निशिगंधा (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार.

मी गेली काही वर्षं एका महिला तुरुंगात कायदेविषयक मदतीसाठी जाते. काम कागदपत्रांचं. जामिनाचा अर्ज झाला का, वकील मिळाला का, पुढची तारीख कधी. पण समोर बसलेली बाई बऱ्याचदा खटल्याबद्दल बोलतच नाही. "ताई, तारखेचं राहू द्या. महिना झाला, अंगावरून जायचं थांबेना. कुणाच्या तरी कानावर घाला." कुणाच्या छातीत गाठ असते, कुणाची थायरॉइडची गोळी आत आल्यापासून बंद झालेली असते, कुणाला रात्र रात्र झोप नसते.

२०२२ च्या जागतिक यादीनुसार ७ लाख ४० हजारांहून जास्त स्त्रिया आणि मुली तुरुंगात आहेत. एकूण कैद्यांमध्ये त्या ७ टक्केही भरत नाहीत, पण २००० सालापासून त्यांची संख्या जवळजवळ ६० टक्क्यांनी वाढली. पुरुष कैद्यांच्या वाढीचा वेग याच्या जवळपासही नाही. इमारती, औषधांचा साठा, पहाऱ्याच्या पाळ्या, सगळं पुरुष कैदी डोळ्यांसमोर ठेवून बेतलेलं आहे आणि बायकांना त्यात मागाहून बसवलंय.

कागदावर नियम चांगले आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये स्त्री कैद्यांसाठी ७० 'बँकॉक नियम' मंजूर केले. २०१५ चे 'नेल्सन मंडेला नियम' तर स्पष्टच म्हणतात की बाहेरच्या समाजाला मिळतो त्याच दर्जाचा उपचार आत मोफत मिळाला पाहिजे आणि वैद्यकीय निर्णय डॉक्टरनेच घ्यायचा, तुरुंगाच्या अधिकाऱ्याने तो फिरवायचा नाही.

माझं मत असं, की तुरुंगातला दवाखाना तुरुंग खात्याकडून काढून पूर्णपणे आरोग्य खात्याकडे द्यावा. ज्याच्या हातात किल्ल्या आहेत त्याच्याच हाताखाली डॉक्टर असेल, तर तो बाईची बाजू कशी घेणार? नॉर्वेने १९८८ मध्ये, फ्रान्सने १९९४ मध्ये हे केलं. आपल्याला काय वाटतं? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

---

चाफेकळी

वाचतेय. या विषयावर इथे कधी धागा आल्याचं आठवत नाही.

---

टाकादोरा

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. सरकारी रुग्णालयात असताना तुरुंगातून येणाऱ्या बायका तपासल्या आहेत, म्हणून लिहितो.

पहिली अडचण तपासणीच्या खोलीतच सुरू होते. बाई आत येते, तिच्या मागोमाग बंदोबस्तावरची माणसं येतात. आपण विचारतो, "काय होतंय?" आणि उत्तर शिपाई देतो. "साहेब, पोट दुखतंय म्हणते." बाई खाली बघत असते. पाळीबद्दल, आधीच्या गर्भपाताबद्दल, कोठडीत काही झालं का याबद्दल ती अशा वेळी काय सांगणार? बँकॉक नियमांत याची सोय आहे. तपासणीच्या वेळी खोलीत फक्त वैद्यकीय कर्मचारी असावेत आणि सुरक्षेसाठी कुणी थांबायलाच हवं असेल तर ती स्त्री असावी आणि तिने रुग्णाची अब्रू राखावी. मी हे छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. "दाराबाहेर थांबा, खिडकीला गज आहेत, पळून कुठे जाणार ती?" एवढं म्हटलं की बहुतेक जण थांबायचे. काही भांडायचे.

दुसरं बेडीचं. प्रसूतीच्या वेळी आणि प्रसूतीनंतर लगेच बेडी घालायची नाही, यावर दोन्ही नियमावल्यांमध्ये कसलाही आडपडदा नाही. इथे माणुसकीइतकाच शरीरशास्त्राचाही प्रश्न आहे. कळा येणाऱ्या बाईला कूस बदलावी लागते, उठून चालावं लागतं. बाळाचे ठोके घसरले तर तिला झटकन डाव्या कुशीवर वळवावं लागतं, वेळ पडली तर मिनिटांत शस्त्रक्रियेच्या खोलीत न्यावं लागतं. रक्तदाब वाढून झटका आला तर हात खाटेला अडकलेला असणं म्हणजे हाड मोडायलाच निमंत्रण. आणि किल्ली ज्याच्याकडे असते, तो नेमका तेव्हाच चहा प्यायला गेलेला असतो.

मूळ प्रश्नाला माझं उत्तर: होय, आरोग्य खात्याकडेच द्यावं.

---

सडेतोड

थोडं कडू बोलतो. बाहेर कष्टकरी बाई पहाटेपासून सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभी असते, तिला तज्ज्ञ डॉक्टर मिळत नाही. तिने कुणाचं काही वाईट केलेलं नाही. मग जिने गुन्हा केला तिला रांगेशिवाय तज्ज्ञ का? आधी बाहेरच्यांचं बघा.

---

कायदेवाली

सडेतोड, प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून नीट उत्तर देते.

एक, 'जिने गुन्हा केला' हे गृहीत धरू नका. भारतात साधारण चारपैकी तीन कैदी कच्चे आहेत, म्हणजे खटला संपलेलाच नाही. त्यांतले कित्येक उद्या निर्दोष सुटतील. तोवर वाढलेली गाठ कोण परत छोटी करणार?

दोन, रांगेतली बाई दमून दुसऱ्या दवाखान्यात जाऊ शकते, उसनवारी करून खासगी डॉक्टर गाठू शकते, शेजारणीकडून गोळी मागू शकते. आतल्या बाईचे हे सगळे रस्ते सरकारने बंद केलेत. रस्ते ज्याने बंद केले, जबाबदारी त्याची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या एस्टेल विरुद्ध गँबल खटल्यात हेच तत्त्व धरलं. कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष म्हणजे क्रूर शिक्षा. न्यायालयाने शिक्षा दिली ती कोंडून ठेवण्याची. गर्भाशयाच्या कॅन्सरची शिक्षा कुठल्याही कायद्यात नाही.

आता निशिगंधाच्या मुद्द्याबद्दल. आपला १८९४ चा कारागृह कायदा काढून कलम १३ वाचा. तुरुंगातल्या आरोग्यव्यवस्थेची जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, पण 'अधीक्षकाच्या नियंत्रणाखाली'. सव्वाशे वर्षं होऊन गेली या वाक्याला. आणि कलम २४ म्हणतं की आत येणाऱ्या स्त्री कैद्याची झडती आणि तपासणी मेट्रनने, म्हणजे स्त्री कैद्यांवर देखरेख करणाऱ्या बाईने करायची, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हुकमानुसार. म्हणजे मूळ कायद्यात झडती आणि तपासणी एकाच दमात, एकाच हाताने. आजच्या नियमावल्या यापुढे गेल्यात, पण पाया हाच.

टाकादोरा, बेडीबद्दल भर घालते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सरसकट बेड्या घालायला मनाई केली आणि १९९५ मध्ये आसाममध्ये रुग्णालयात खाटेला जखडलेल्या कैद्यांच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बेडी नाही असा आदेश दिला. ती परवानगी दाखवा, असं म्हणायचा तुम्हाला डॉक्टर म्हणून पूर्ण अधिकार आहे.

---

टिंब

कायदेवालीताई, तुमचा प्रतिसाद वाचला की वाटतं, वकील या धाग्यावर फुकटात मिळतोय तर दोन-चार खटले करून घ्यावेत. :)

वाचनखूण साठवली आहे.

---

सडेतोड

कच्च्या कैद्यांचा मुद्दा पटला. 'रांगेशिवाय तज्ज्ञ' याबद्दल माझा आक्षेप कायम आहे, पण टाकादोरा यांनी खाटेचं वर्णन केलंय ते कुणाच्याच बाबतीत होऊ नये.

---

उत्तरवारा

मी परिचारिका. इंग्लंडमध्ये तुरुंगात काम केलंय, म्हणून निशिगंधा यांच्या मूळ मताला थोडा छेद देते.

इंग्लंडमध्ये २००६ पर्यंत तुरुंगातली आरोग्यसेवा टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेली. फरक पडलाच. आम्ही तुरुंगाच्या नोकर नव्हतो, आमची नोंद वेगळी, आमचे वरिष्ठ वेगळे. एखाद्या बाईला गोळी द्यायची की नाही हे अधिकारी ठरवत नव्हता. मेथाडोनचंच, म्हणजे अफूजन्य व्यसनावर देतात त्या औषधाचंच उदाहरण घ्या. अफूजन्य व्यसन असलेली गरोदर बाई आत आली तर तिचं औषध एकदम तोडणं पोटातल्या बाळाला धोक्याचं असतं, ते नीट मात्रेत चालू ठेवावं लागतं. पहारेकऱ्याला वाटतं, 'व्यसनीला अजून नशा कशाला?' आमची व्यवस्था वेगळी नसती तर ही लढाई आम्ही रोज हरलो असतो.

पण सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रॉन्झफील्डच्या तुरुंगात काय झालं ते बघा. १८ वर्षांची मुलगी, पहिलटकरीण. रात्री कळा सुरू झाल्या. तिने कोठडीतली घंटा दाबली, परत दाबली. कुणी आलं नाही. ती एकटीच बाळंत झाली आणि बाळ गेलं. सकाळी दुसऱ्या कैदी बायकांनी तिच्या कोठडीत रक्त दिसल्याचं सांगितलं तेव्हा कुठे धावपळ झाली. २०२१ मध्ये चौकशीचा अहवाल आला. त्यात म्हटलंय की तुरुंगातलं प्रत्येक गरोदरपण जोखमीचंच धरावं, कारण बाईला स्वतःहून मदतीपर्यंत पोचता येत नाही.

तेव्हा तुरुंगातल्या आरोग्यसेवेची जबाबदारी सरकारच्या आरोग्य यंत्रणेकडेच होती की! घंटा मात्र पहाऱ्याकडे होती. रात्री कोठडीचं दार उघडायचं का, हे परिचारिका ठरवू शकत नाही. म्हणून माझं म्हणणं, खातं बदला, जरूर बदला, पण अर्धाच प्रश्न सुटेल.

---

चाफेकळी

उत्तरवारा, हे वाचून पुढचं काही वाचवेना थोडा वेळ.

---

जुनी खाकी

मी तुरुंग सेवेतून निवृत्त झालेली अधिकारी. इतकी वर्षं त्याच बाजूने काढली आहेत, तर त्या बाजूचंही सांगते. राग नाही आलेला, बरंच खरं लिहिलंय तुम्ही.

बाईला बाहेरच्या रुग्णालयात न्यायचं तर तुरुंगाबाहेरचा पहारा लागतो आणि तो पोलिसांकडून मागवावा लागतो. आपण पत्र पाठवतो. त्या दिवशी सभा असते, सण असतो, कुणा मोठ्याचा दौरा असतो. गार्ड येत नाही. महिला पोलीस तर मुळात कमी, आणि बाईबरोबर बाईच हवी. तारीख चुकते. रुग्णालयात सोनोग्राफीची पुढची तारीख महिन्याने मिळते, तेव्हा परत पत्र, परत तेच. वहीत शेरा पडतो, 'गार्ड उपलब्ध नाही'. पुढे त्या शेऱ्याचं काहीच होत नाही, त्याचा जाब कुणाला विचारायचा हेच कुठे लिहिलेलं नाही. न्यायालयाची तारीख चुकली तर न्यायाधीश विचारतात. दवाखान्याची चुकली तर विचारणारं कुणी नसतं.

दुसरं म्हणजे ढोंगाचा संशय. दवाखान्यात जायला मिळतं म्हणून कण्हतात, असं आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं. काही जणी करतातही. पण ओळखायचं कुणी? हवालदाराने? रात्रपाळीला दोघी-तिघी असतात, साऱ्या बराकी त्यांच्यावर. त्यातली एक बाहेर गेली की मागे उरलेल्यांवर ताण. मग 'सकाळी डॉक्टर येतील तेव्हा बघू' असं म्हणायची सवय लागते. उत्तरवाराने लिहिलेल्या त्या घंटेमागे कुणी दुष्टच बसलेलं असेल असं नाही. बहुतेक वेळा दमलेलं आणि न शिकवलेलं माणूस असतं. त्याने मेलेलं बाळ परत येत नाही, हेही कळतं मला.

---

उत्तरवारा

खाकीताई, मनापासून धन्यवाद. तिकडेही हेच आहे हो. आरोग्यसेवेचा अभ्यास करणाऱ्या नफील्ड ट्रस्ट या संस्थेच्या २०२० च्या अभ्यासात इंग्लंडमधल्या कैद्यांच्या रुग्णालयातल्या ठरलेल्या भेटींपैकी जवळपास ४० टक्के चुकल्याचं दिसलं. सोबत न्यायला माणूस नसणं हे तिथलंही रडगाणं.

---

टाकादोरा

'गार्ड उपलब्ध नाही' हा शेरा मी दुसऱ्या टोकाने वाचलाय. आमच्या नोंदवहीत तो 'रुग्ण आला नाही' असा लिहिला जातो. दोन वह्या समोरासमोर कधी येतच नाहीत, त्यामुळे दोष बाईच्या माथी.

यावर एक उपाय म्हणजे जे आत होण्यासारखं आहे ते आतच करायचं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. बँकॉक नियमांनुसार ही तपासणी आणि स्तनांची तपासणी बाहेरच्या बायकांच्या बरोबरीने आत मिळायला हवी. पूर्वी त्यासाठी तपासणीचं टेबल, दिवा, हत्यारं, प्रशिक्षित माणूस लागायचं. आता एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची डीएनए चाचणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिचीच शिफारस केली आणि नमुना बाई स्वतः घेऊ शकते हेही मान्य केलं. हातात काडी द्यायची, पडद्याआड जाऊन नमुना घ्यायचा, नळी बंद करून परत द्यायची. बराकभर बायकांचं एका सकाळी होतं, ना गार्ड, ना गाडी, ना कुणासमोर कपडे काढायचे. ज्या बाईवर कधीकाळी जबरदस्ती झाली आहे, तिच्यासाठी हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा. आणि अशा बायका तुरुंगात बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतात.

चाचणीत दोष निघाला तर मात्र पुढचा उपचार वेळेत व्हायलाच हवा. नाहीतर नुसती भीती हातात देऊन मोकळं व्हायचं.

---

मोगरा

पाळीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही?

बँकॉक नियम ५ म्हणतो की सॅनिटरी पॅड मोफत आणि पाण्याचा नियमित पुरवठा. अमेरिकेत केंद्रीय तुरुंगांत पॅड मोफत देण्याची सक्ती २०१८ च्या कायद्याने आली. २०१८! तोवर किती जणींनी कापडाच्या चिंध्यांवर भागवलं असेल.

आणि 'पॅड वाटले' म्हणजे काम झालं असं नाही. सगळ्यांना मोजून सारखेच देतात. पण फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) असलेल्या बाईचे दोन तासांत भिजतात. वापरलेला टाकायचा कुठे, रात्री पाणी नसलं तर काय, आडोसा आहे का, हे सगळं त्यातच येतं. पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांचा तर विषयच निघत नाही. अंगाची आग, झोप उडणं, चिडचिड. बराकीत पंख्याखालची जागा कुणाची यावरून भांडण झालं की ती 'भांडकुदळ' म्हणून नोंदली जाते. तिला उपचार हवा असतो आणि मिळतो मेमो.

---

रिकामं पान

मी आत राहून आले आहे. निर्दोष सुटले. हे फक्त इथे लिहिते आहे, या नावाने, कृपया कुणी ओळख शोधू नका.

मोगरा म्हणते ते असं असतं. पॅड ऑफिसातून मिळायचे. खिडकीपाशी जाऊन सांगायचं. खिडकीत कधी मॅडम असायच्या, कधी कारकून. मागे रांग. "किती? परवाच नेलेस ना?" मी ठीक बोलणारी, शिकलेली, तरी मला आवाज फुटायचा नाही. ज्यांना तिथली भाषाच येत नव्हती त्या काय करत असतील. आमच्या बराकीतल्या एका मावशींनी एक पद्धत लावली होती. ज्यांची पाळी गेली होती त्याही आपल्या नावावर पॅड घ्यायच्या आणि ते एका पिशवीत जमा व्हायचे. ज्या पोरीला लागेल तिने न विचारता घ्यायचे. त्या पिशवीमुळे मी ते महिने काढले.

डॉक्टर वाईट नव्हते. आठवड्यातले ठरलेले दिवस यायचे. पण त्यांच्यापर्यंत जायला आधी बराकीतल्या वॉर्डरला सांगायचं, ती नाव लिहिणार, मग कंपाउंडर विचारणार काय होतंय, आणि त्याला पटलं तर यादीत नाव. कंपाउंडर पुरुष. मला खाली जळजळ होत होती, जंतुसंसर्ग झालेला. मी "डोकं दुखतंय" सांगितलं. त्याने तिथेच डोकेदुखीची गोळी दिली आणि यादीतून नाव काढलं. पुढच्या वेळी परत तेच. ताप चढला तेव्हा नेलं.

तुम्ही इथे खातं कोणतं यावर बोलताय. आम्हाला डॉक्टरचा पगार कोण देतं हे माहीतही नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत होतं की डॉक्टरपर्यंत जायला किती जणांना आपलं दुखणं सांगावं लागतं. दवाखान्याबाहेर एक कुलूपवाली पेटी ठेवली असती आणि त्यात चिठ्ठी टाकून ती फक्त नर्सने उघडली असती, तर मी पहिल्याच दिवशी खरं लिहिलं असतं.

---

टिंब

रिकामं पान, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आभार. संपादक मंडळाला विनंती, या सदस्येबद्दल कुणी खोदून विचारल्यास तो प्रतिसाद लगेच उडवावा.

---

ऐकणारी

मी समुपदेशक आहे. मनाच्या दुखण्याबद्दल थोडं.

बँकॉक नियम ६ सांगतो की बाई आत येताच तिची तपासणी करताना मानसिक आजार, आत्महत्येचा धोका, आधीचा लैंगिक अत्याचार, व्यसन, बाळंतपणं हे सगळं विचारलं जावं. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी तिला कुणी विचारलं तरी ती सांगत नाही. घरी मूल कुणाकडे आहे या एकाच विचाराने ती बधिर झालेली असते. मी तर म्हणेन, मूल सुखरूप आहे हे तिला फोनवर ऐकवणं हा पहिल्या रात्रीचा सगळ्यात मोठा उपचार. त्यानंतर ती बोलते. म्हणून हीच तपासणी काही दिवसांनी परत व्हायला हवी.

झोपेच्या गोळ्यांबद्दलही सांगते. रडणारी, ओरडणारी बाई गोळी दिली की शांत होते आणि बराकही शांत होते. ते औषध नेमकं कुणासाठी दिलं गेलं, असा प्रश्न मला नेहमी पडतो. स्वतःला इजा करून घेणाऱ्या बाईला शिक्षा म्हणून एकटं ठेवण्याचे प्रकार होतात, तिथे तर जखम आणखी खोल जाते.

सुटकेचा दिवसही धोक्याचा. व्यसन असलेल्यांमध्ये सुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जास्त मात्रेने मृत्यू होण्याचा धोका खूप वाढतो, कारण शरीराची सवय मोडलेली असते. टीबीची, एचआयव्हीची औषधं चालू असलेल्या बाईला दारातून बाहेर सोडताना हातात गोळ्या आणि पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी असते का? बरेचदा तिच्या हातात फक्त तिची पिशवी असते.

---

वाटसरू

अवांतर: तुरुंग सुधारणेसाठी झटणारी एलिझाबेथ फ्राय १८१३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात गेली तेव्हा बायका-मुलं एकत्र कोंबलेली, अंगावर धड कपडे नाहीत, असं चित्र होतं. तिच्या खटपटीनंतर १८२३ च्या कायद्याने स्त्री कैद्यांवर स्त्री पहारेकरीच असावेत असं ठरलं. दोनशे वर्षांनी आपण 'खिडकीत कारकून' वाचतोय.

---

कायदेवाली

रिकामं पान, पेटीची कल्पना मी लिहून ठेवली आहे. वापरणार आहे.

आणखी एक बाजू राहिली. गरोदर बाईला आत ठेवावंच का? बँकॉक नियम ६४ म्हणतो की गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांच्या आयांना शक्य तिथे तुरुंगाबाहेरचीच शिक्षा द्यावी. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका सामूहिक निकालात गरोदर कच्च्या कैदी आणि १२ वर्षांखालील मुलांच्या आया यांना, हिंसक गुन्ह्यांसारखे अपवाद सोडून, तुरुंगाऐवजी घरी नजरकैदेत ठेवायला सांगितलं. रशियाच्या कायद्यात मूल १४ वर्षांचं होईपर्यंत शिक्षा पुढे ढकलण्याची तरतूद आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालाने बाळंतपण शक्यतो तुरुंगाबाहेर व्हावं, जन्मनोंदीत तुरुंगाचा उल्लेख नसावा आणि मूल ६ वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकेल, असं घालून दिलं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका गरोदर बाईला बाळंतपणासाठी तात्पुरता जामीन दिला. म्हणजे दार उघडता येतं. अर्ज वेळेत व्हायला हवा आणि अर्ज करायला बाई गरोदर आहे हे वकिलाला कळायला हवं.

---

सडेतोड

मग गुन्हा करून गरोदरपणाची ढाल पुढे करतील, त्याचं काय?

---

कायदेवाली

न्यायाधीश आहेत ना ते बघायला. अपवाद प्रत्येक देशाने ठेवलेत. आणि शिक्षा माफ होत नाही, जागा बदलते किंवा वेळ बदलते. पोटातल्या जिवावर तर कुठलाच आरोप नाही.

---

सडेतोड

ठीक. 'गार्ड उपलब्ध नाही' याला मात्र तुमच्याकडे उत्तर दिसत नाही.

---

जुनी खाकी

आहे उत्तर. मी सांगते.

दवाखान्याच्या तारखांना न्यायालयाच्या तारखांइतकंच वजन द्यायचं. न्यायालयाची तारीख चुकली की कारणासह अहवाल जातो, तसाच दवाखान्याची चुकली तर जिल्हा न्यायाधीशांकडे दर महिन्याला जावा. कोण, कशासाठी, कितव्यांदा चुकली. जाब विचारला जाणार हे कळलं की पोलीस मुख्यालयाला बरोबर गार्ड सापडतो, मी हे न्यायालयाच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय. आणि रात्री दार उघडायचा निर्णय परिचारिकेचा. तिने 'उघडा' म्हटलं की उघडायचं, न उघडल्यास ज्याने नकार दिला त्याने वेळ आणि कारण लिहून सही करायची. सही करायची म्हटलं की माणूस दोनदा विचार करतो.

---

टाकादोरा

हे अगदी मनातलं. मी आता खासगीत असलो तरी जुन्या सहकाऱ्यांशी बोलून रुग्णालयाच्या बाजूची वही 'रुग्ण आला नाही' ऐवजी 'रुग्णास आणले गेले नाही' अशी लिहायला लावतो. एवढा फरक केला तरी दोन्ही वह्या जुळवता येतील.

---

निशिगंधा (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः रिकामं पान आणि जुनी खाकी यांचे.

खातं बदलावं हे माझं मत अजूनही कायम आहे, उत्तरवाराने सांगितलेलं मेथाडोनचं उदाहरण त्यासाठी पुरेसं आहे. पण तो कायद्याचा बदल, त्याला वर्षं लागतील. पेटी, वही आणि सही यांना कायदा बदलायची गरज नाही. म्हणून सध्या हेच हातात घेते.

कायदेवालीशी व्यनिवर (व्यक्तिगत निरोपातून) बोलणं झालंय. मागच्या वर्षभरात मी जाते त्या तुरुंगातून रुग्णालयात पाठवायच्या किती तारखा ठरल्या, किती चुकल्या आणि प्रत्येकीपुढे काय कारण लिहिलंय, हे माहितीच्या अधिकारात मागवत आहोत. नावं नकोत, फक्त नोंदी. कुलूपवाल्या पेटीसाठी अधीक्षकांना वेगळं पत्र देते, त्यात पेटीची किल्ली फक्त परिचारिकेकडे असावी आणि लिहिता न येणाऱ्या बायकांसाठी चित्रांची चिठ्ठी असावी असं घालते. टाकादोरा, चिठ्ठीवर कोणत्या तक्रारींची चित्रं हवीत ते सांगाल का? पाळी, छाती, पोट, लघवी, गरोदरपण, झोप एवढं मला सुचलं.

---

टाकादोरा

ताप घाला. आणि एक वेगळा चौकोन ठेवा, 'फक्त बाई डॉक्टरला सांगायचं आहे' असा. त्याला शब्द नकोत, बाईचा चेहरा आणि गळ्यात स्टेथोस्कोप पुरे. त्या चौकोनावर खूण असेल तर कंपाउंडरने काहीही विचारायचं नाही, हे पत्रात स्पष्ट लिहा.

---

रिकामं पान

पेटी दवाखान्याच्या दाराशी नको, असंही लिहा. मी वर दवाखान्याबाहेर म्हटलं होतं, पण तिथे कोण थांबलंय हे सगळ्यांना दिसतं. न्हाणीघराच्या वाटेवर ठेवा. तिकडे सगळ्याच जातात.